निवडून आलेला, परंतु नेमलेला : वऱ्हाडच्या कौन्सिल-सभासदाचें स्थान

इ. स. १९१४ पासून १९३६ पर्यंतच्या काळांतील नागपूरच्या कायदे-कौन्सिलासंबंधीचे कागद ज्या संग्राहकांच्या हातीं आले असतील, त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली असेल. यवतमाळ, अमरावती, अकोला किंवा बुलढाणा येथील एखाद्या गृहस्थाच्या दप्तरांत निवडणुकीचीं हस्तपत्रकें असतात, मतदारांच्या याद्या असतात, विजयाबद्दल अभिनंदनाचीं पत्रेंही असतात. आणि त्याच रुमालांत त्या गृहस्थास गव्हर्नरांनीं सभासद 'नेमिलें' असल्याचा सरकारी कागद असतो. असे रुमाल पाहणारे पुष्कळदां दुसऱ्या कागदावर विश्वास ठेवून वेष्टणावर 'सरकारनियुक्त सभासद' असें लिहून मोकळे होतात. एकदां हा शिक्का बसला, कीं पुढील अभ्यासक त्या मनुष्यास सरकारचा माणूस समजून चालतो. आणि ज्यानें वर्षानुवर्षें सरकारविरुद्ध मत दिलें त्याच्याही वांट्यास हें नांव येतें. हा अन्याय टाळावयाचा असेल, तर वऱ्हाडच्या सभासदत्वाचें स्वरूप मुळापासून समजून घेतलें पाहिजे.

मूळ आहे वऱ्हाडच्या मालकीच्या प्रश्नांत. ता. २१ मे १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाडचे जिल्हे कंपनीच्या हातीं दिले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठीं. दिले म्हणजे कारभारापुरते दिले. स्वामित्व निजामाचेंच राहिलें. १८६० च्या तहानें ही व्यवस्था कांहीं फेरफारांसह पुढें चालली. या मुलखास इंग्रजी दप्तरांत 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे नेमून दिलेले जिल्हे, असें म्हणत. पुढें ता. ५ नोव्हेंबर १९०२ रोजीं लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत नवा करार होऊन वऱ्हाड सालिना २५ लक्ष रुपये खंडानें कायमच्या पट्ट्यानें ब्रिटिश सरकारास मिळालें. परंतु त्या करारांतही निजामाच्या स्वामित्वाचा उच्चार पुन्हां केलेला आहे. ता. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखालीं गेलें. १९०५ मध्यें जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हां वणी जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें व मोडलेल्या वाशीम जिल्ह्यांतील पुसद तालुका त्यास जोडला गेला. म्हणून १९०५ पूर्वीच्या कागदावर 'जिल्हा वणी' आढळल्यास तो केवळ वणी तालुक्याचा समजूं नये.

आतां अडचण अशी, कीं वऱ्हाडचा कारभार जरी नागपुराहून चाले, तरी कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया' नव्हतेंच. तें परक्या राजाचें राज्य आणि तेथें ब्रिटिश सरकारचा केवळ अधिकार, अशी कायद्याची भाषा. त्यामुळें विधिमंडळाचा कोणताही कायदा वऱ्हाडांत आपोआप लागू होत नसे. १९०२ च्या परराज्याधिकारविषयक राजाज्ञेच्या आधारें सरकारनें स्वतंत्र जाहीरनामा काढून तो तेथें लावावा लागे. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. वऱ्हाडसाठीं म्हणून जे जुने कायदे झाले त्यांच्या इंग्रजी नांवांत 'ॲक्ट' हा शब्द नसून 'लॉ' हा आहे : १८८५ चा बेरार रूरल बोर्ड्स लॉ, १८८६ चा बेरार म्युनिसिपल लॉ, १९०० चा पाटील-पटवाऱ्यांचा लॉ, १९२१ चा इनामी गांवांतील कुळांविषयींचा लॉ. मराठींत दोहोंसही 'कायदा' म्हणत असल्यामुळें हा भेद आपल्या नजरेंत भरत नाहीं. 'ॲक्ट' हें विधिमंडळाचें अपत्य. 'लॉ' हा कार्यकारी सत्तेच्या आज्ञेनें आलेला. माझ्या मतें हा शब्दभेद सहज झालेला नव्हे.

जो मुलूख ब्रिटिश इंडिया नाहीं, त्यांतील लोकांनीं ब्रिटिश इंडियाच्या कौन्सिलांत प्रतिनिधि कसे पाठवावे? १९०९ च्या सुधारणांन्वयें मध्यप्रांतास स्वतंत्र कौन्सिल मिळालें तें १९१४ मध्यें, सर बेंजामिन रॉबर्टसन चीफ कमिशनर असतां. त्यांत वऱ्हाडचे तीन सभासद घेण्याचें ठरलें. स्थानिक संस्थांनीं व मोठ्या जमीनधारकांनीं आपलीं मतें द्यावीं, ज्याला अधिक मतें पडतील त्याचें नांव वर कळवावें आणि चीफ कमिशनरनें त्यास नेमावें, अशी युक्ति निघाली. निवडणूक खरी, पण कायद्याच्या दृष्टीनें ती निवडणूक नव्हे, तर नेमणुकीची पूर्वतयारी. सभासदत्व उत्पन्न होई तें नेमणुकीच्या आज्ञेनें.

१९१९ च्या कायद्यानें हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर चालविली. नव्या कौन्सिलांत वऱ्हाडच्या वांट्यास १७ जागा आल्या. मतदार आतां बोर्डांचे सभासद नसून प्रत्यक्ष खातेदार, घरपट्टी भरणारे व सुशिक्षित लोक होते. वऱ्हाडांत मालगुजारी नसून मुंबई पद्धतीची रयतवारी असल्यामुळें खेड्यापाड्यांतील सामान्य शेतकऱ्याचेंही नांव सातबाराच्या पूर्वजांत, म्हणजे त्या वेळच्या गांव-नमुन्यांत, थेट खातेदार म्हणून लागलेलें असे. आणि ठराविक साऱ्याची अट पुरी झाली कीं त्यास मत मिळे. वर्धा नदीच्या पलीकडच्या मुलखांत खेड्याचा मालगुजार आणि त्याचीं कुळें हा भेद आड येई. यवतमाळ जिल्ह्यांतील जुन्या मतदार-याद्या चाळतांना हा फरक मनांत बाळगावा.

परंतु खरी मौज कायद्याच्या कलमांत आहे. प्रांतिक कौन्सिलांत शेंकडा ७० सभासद तरी निवडलेले असावेत व सरकारी अधिकारी शेंकडा २० हून अधिक नसावेत, असा त्या कायद्याचा दंडक. मध्यप्रांताच्या कौन्सिलास परिशिष्टांत ७० सभासद दिले होते; म्हणजे निवडलेले निदान ४९ हवेत. वऱ्हाडचे १७ नेमलेल्यांत धरले तर मध्यप्रांताचे निवडलेले सभासद चाळिशीच्या आंतच राहात आणि दंडक मोडे. म्हणून कायदा करणारांनीं एक लहानसें वाक्य घातलें : वऱ्हाडांतील निवडणुकीचा परिणाम म्हणून गव्हर्नर ज्यांस नेमील, ते निवडलेले सभासद आहेत असें मानण्यांत यावें.

'आहेत' नव्हे, 'मानण्यांत यावें'. संस्कृत शास्त्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना हा प्रकार नवा नाहीं. एकाचे धर्म दुसऱ्यास लावणें याला मीमांसक अतिदेश म्हणतात. वैयाकरणांचा स्थानिवद्भाव तोच : मूळ शब्दाच्या जागीं आलेला आदेश हा मूळ नव्हे, पण कार्यापुरता त्यास मुळासारखा लेखावा. वऱ्हाडचा सभासद हा असाच आदेश होता. स्थानी होता मध्यप्रांताचा निवडलेला सभासद. आणि पाणिनीनें जशी या समजुतीस मर्यादा घातली आहे, तशी येथेंही होती : प्रमाण मोजतांना तो निवडलेला, परंतु त्याच्या पदाचा उगम पाहतांना नेमलेला. विलायतेंतील कायदेपंडितांनीं पाणिनि वाचला असेल असें नाहीं. अडचण सारखी असली म्हणजे तोडगाही सारखा सुचतो.

तुलनेसाठीं अमेरिकेकडे पाहावें. तेथील मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या १७८० च्या राज्यघटनेंत कनिष्ठ सभागृहाच्या सभासदास शंभर पौंडांची जमीन किंवा दोनशें पौंडांची इतर मिळकत असावी अशी अट होती, आणि सीनेटरास याच्या तिप्पट. अट धनिकांच्याच सोयीची. यांत शंका नाहीं. पण कोण खरोखर निवडून आला याचा निर्णय सभागृहानें स्वतः करावयाचा, गव्हर्नरानें नव्हे, असें त्याच घटनेंत स्पष्ट लिहिलें आहे. शेतकरी असो वा सराफ, लोकांचें मत पडलें कीं तो सभासद झाला. आमच्या पुसद-दारव्ह्याकडील मतदाराचें मत मात्र गव्हर्नरच्या सहीवांचून पुरें होत नसे.

व्यवहारांत या नेमणुकीनें सभासदाच्या वर्तनावर बंधन पडलें काय? मुळींच नाहीं. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसनें बहिष्कार घातला होता. १९२३ च्या निवडणुकींत स्वराज्यपक्ष उतरला आणि सर्व हिंदुस्थानांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलांतच त्याला निर्भेळ बहुमत मिळालें. १९२४ मध्यें त्या बहुमतानें मंत्र्यांचा वार्षिक पगार दोन रुपयांवर आणून ठेवला! त्या पक्षांत अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे होते. ते १९२५ मध्यें कौन्सिलाचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षीं गृहखात्याचें सभासदत्व स्वीकारून स्वपक्षाच्या रोषास पात्र झाले, आणि १९२९ मध्यें कांहीं काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. तांब्यांच्या कृतीविषयीं कोणाचें कांहींही मत असो. त्यांच्या कौन्सिलांतील सभासदत्वाच्या मागें लोकांचें मत होतें आणि कागदावर मात्र नेमणूक होती, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

दिल्लीच्या विधिमंडळांतही हाच प्रकार. वरिष्ठ सभागृहांत वऱ्हाडची बाजू दादासाहेब खापर्डे यांनीं मांडली. कनिष्ठ सभागृहांत १९२४ पासून आपल्या जिल्ह्याचे माधव श्रीहरि अणे बसूं लागले. अणे यांचा जन्म वणीचा, ता. २९ ऑगस्ट १८८० चा, वकिली यवतमाळची. असेंब्लीच्या छापील वृत्तांतांत इतर सभासदांच्या नांवापुढें त्यांचा मतदारसंघ व त्याचा वर्ग कंसांत दिलेला असतो. अणे यांच्या नांवापुढें नुसतें 'वऱ्हाडचे प्रतिनिधि' अशा अर्थाचे शब्द आहेत. ज्याला मागील इतिहास ठाऊक नाहीं त्याला हा छपाईचा संक्षेप वाटावा. वस्तुतः मतदारसंघ म्हणण्याजोगा ब्रिटिश इंडियांतील प्रदेशच त्यांच्यामागें नव्हता. हेच 'नेमलेले' अणे १९३० मध्यें असेंब्लीची जागा सोडून पुसदेस आले आणि ता. १० जुलै रोजीं राखीव जंगलांतील गवत कापून त्यांनीं सत्याग्रह केला. १९३५ पासून ते पुन्हां असेंब्लींत, काँग्रेस राष्ट्रीय पक्षाचे पुढारी म्हणून होते. १९४१ मध्यें ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीं फेब्रुवारी १९४३ मध्यें तेथून राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांची नेमणूक पाहावयाची ती ही, १९४१ ची. १९२४ ची नव्हे.

सरकारनें ही काल्पनिक रचना इतक्या कसोशीनें कां जपली, हेंही पाहिलें पाहिजे. १९२३ मध्यें निजामानें वऱ्हाड परत मागितलें. लॉर्ड रीडिंगनें ता. २७ मार्च १९२६ च्या पत्रानें ती मागणी फेटाळली, परंतु स्वामित्वाची भाषा उघडपणें पुसली नाहीं. वऱ्हाडांत सरळ निवडणुका घेऊन सरळ सभासद बसविले असते, तर तो मुलूख ब्रिटिश झाला असें कबूल केल्यासारखें झालें असतें. निजामाचा मान एका सहीनें राखला गेला. वऱ्हाडच्या मतदाराच्या मानाचा विचार कोणी केला असेल असें दिसत नाहीं.

१९३५ च्या कायद्यानें वऱ्हाड व मध्यप्रांत मिळून एकच प्रांत समजला जाईल असें ठरलें. १९३६ मध्यें निजामाशीं नवा करार झाला व त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. ता. १ एप्रिल १९३७ पासून नव्या, ११२ सभासदांच्या असेंब्लींत वऱ्हाडचे सभासद इतरांसारखेच निवडलेले म्हणून बसले. पूर्वीं जाहीरनाम्यांनीं लावलेल्या मध्यवर्ती कायद्यांची घडी पुढें १९४१ च्या बेरार लॉज ॲक्टानें बसविली. त्याच्या नांवांत 'लॉ' आणि 'ॲक्ट' हे दोन्ही शब्द शेजारीं आले आहेत.

संग्राहकांसाठीं आणखी थोडें. पत्राच्या माथ्यावरील अक्षरांवरून काळ व सभागृह दोन्ही कळतात. १९२१ ते १९३७ पर्यंत 'एम. एल. सी.' म्हणजे नागपूरचा सभासद आणि 'एम. एल. ए.' म्हणजे दिल्लीचा. १९३७ नंतर नागपूरचाच सभासद 'एम. एल. ए.' झाला, आणि या प्रांतास दुसरें सभागृह दिलें गेलें नसल्यामुळें तेथील 'एम. एल. सी.' नाहींसा झाला. यवतमाळच्या एखाद्या वकिलाचें १९२८ चें पत्र आणि १९३८ चें पत्र, दोहोंवर 'एम. एल. ए.' असलें तरी सभागृहें निराळीं असूं शकतात. १९२१ पूर्वीच्या पत्रांत सभासदाच्या नांवामागें 'ना.' म्हणजे नामदार आढळतें. तें 'नारायण' वगैरे नांवाचें आद्याक्षर समजून सूचींत घालूं नये.

आणि १९१४ ते १९३६ मधील वऱ्हाडच्या कोणत्याही सभासदाची नोंद करतांना दोन तारखा लिहाव्या : मतदानाच्या निकालाची आणि नेमणुकीच्या जाहीरनाम्याची. पहिली स्थानिक वर्तमानपत्रांत किंवा घरच्या कागदांत मिळते, दुसरी सरकारी गॅझेटांत. ज्याच्यापाशीं पहिली तारीख मुळींच नाहीं, तोच खरा सरकारनियुक्त. असे सभासदही त्या कौन्सिलांत होते. त्यांचे रुमाल निराळे बांधावे.