केशवसुत : उपजीविका आणि जीवितकार्य

माणसाने आयुष्यात काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आज बहुधा नोकरीच्या भाषेत दिले जाते, आणि त्यामुळे उपजीविका व जीवितकार्य या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजण्याची चूक सुशिक्षित घरांतही सर्रास होते. उपजीविका म्हणजे पोट भरण्याचे साधन. जीवितकार्य म्हणजे ज्यावाचून आपले जगणे अपुरे राहील असे एखाद्याला मनापासून वाटते आणि ज्यासाठी तो मोबदल्याची वाट न पाहता वेळ काढत राहतो, ते काम. दोन्ही एकाच ठिकाणी सापडली तर ते भाग्यच. पण तशी न सापडल्याने आयुष्य व्यर्थ जात नाही, याचा मराठीतला ठळक दाखला रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचा आहे. गणपतीपुळ्याजवळच्या या गावात 1866 साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. वडील केशवपंत शिक्षक होते, आणि त्यांचेच नाव पुढे जोडून मुलाने ‘केशवसुत’ ही कवी म्हणून आपली ओळख ठरवली.

केशवसुतांच्या चरित्राकडे आजच्या यशाच्या मापाने पाहिले, तर त्यात मिरवण्यासारखे फारसे काही दिसणार नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते 1889 साली मॅट्रिक झाले, म्हणजे तेव्हा त्यांचे वय तेविशीच्या आसपास होते. त्यानंतर मुंबईत, मग खानदेशात फैजपूरसारख्या गावी आणि अखेरीस 1904 पासून धारवाडला शिक्षकी करून त्यांनी संसार चालवला. स्थैर्य आणि पैसा या दोन्ही बाबतींत हे आयुष्य ओढगस्तीचेच राहिले. या शिक्षकीतून उरलेल्या वेळात त्यांनी जे लिहिले त्यामुळे मराठी कवितेचे वळण बदलले, आणि म्हणूनच त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाते.

हे कार्य त्यांना एखाद्या क्षणी साक्षात्कार व्हावा तसे गवसले, असे मानायला आधार नाही. त्यांची उपलब्ध असलेली सुरुवातीची रचना 1885 सालची असून ती कालिदासाच्या रघुवंशातील एका उताऱ्याचे भाषांतर आहे. म्हणजे ज्या परंपरेपासून पुढे ते दूर जाणार होते, तिच्याच सावलीत त्यांनी हात बसवला. पुढच्याच वर्षी पारतंत्र्याची खंत कवितेत आली, 1888 साली एका अस्पृश्य मुलाला पडलेला पहिला प्रश्न हा त्यांच्या कवितेचा विषय झाला, त्यानंतर उपासमारीची पाळी आलेला मजूर तिच्यात आला, आणि 1893 साली जुन्या रूढींवर तुटून पडण्याची हाक देणारी ‘तुतारी’ लिहिली गेली. इंग्रजी कवितेच्या वाचनातून त्यांनी चौदा ओळींचा, ‘सुनीत’ म्हणून ओळखला जाणारा काव्यप्रकार मराठीत रुजवला. हा क्रम लक्षपूर्वक पाहिला तर ध्येय आधी ठरले आणि मग काम सुरू झाले असे घडलेले दिसत नाही. काम करता करता ध्येयाला आकार आला.

विनोबा भाव्यांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत स्वधर्माविषयी जो विचार मांडला, तो येथे उपयोगी पडतो. स्वधर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले कर्तव्य. ते कोठून तरी शोधून आणावे लागत नाही, ज्या काळात आणि समाजात माणूस जन्मतो त्यातूनच ते त्याच्याजवळ येते, असे त्या विचाराचे सार आहे. समाजसुधारक आगरकरांचे ‘सुधारक’ हे साप्ताहिक 1888 साली पुण्यात निघाले, आणि समाजसुधारणेच्या वादाने तापलेल्या त्याच पुण्यात केशवसुत शिकत होते, ही गोष्ट ध्यानात घेतली की त्यांच्या कवितेतील समतेचा आग्रह कोठून आला हे उमगते. नाझींच्या छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनीही वेगळ्या वाटेने जवळपास हेच सांगितले: जगण्याचा अर्थ स्वतःच्या मनात खोल डोकावून सापडत नाही, आपल्याबाहेरच्या एखाद्या कामाला, माणसाला किंवा टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण जो प्रतिसाद देतो, त्यातून तो हाती लागतो.

ध्येय सापडले की मनाची घालमेल थांबते, ही समजूतही केशवसुतांच्या बाबतीत खरी ठरत नाही. 1905 सालच्या, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षातल्या त्यांच्या एका कवितेचे नावच ‘हरपले श्रेय’ असे आहे. वीस वर्षे एकनिष्ठेने लिहिणाऱ्या माणसालाही आपले काही मोलाचे हरवले असे वाटू शकते, आणि तसे वाटले म्हणून त्याचे कार्य खोटे ठरत नाही. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला हुबळीत प्लेगाने त्यांचा अंत झाला. वय चाळिशीच्या आतच होते. हयातीत त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’ यांसारख्या नियतकालिकांत विखुरलेल्या कविता हरि नारायण आपटे यांनी एकत्र केल्या आणि त्यांचे पुस्तक 1917 साली निघाले.

या कार्याची आठवण जपण्याचे कामही कोणाचे तरी जीवितकार्यच होते. कादंबरीकार मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने 1991 साली स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरापाशी स्मारक उभारले आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साहित्यसंस्था एरवी शहरांतच रमतात, या संस्थेने मात्र हे एका खेड्यात घडवले, याचे मोल मोठे आहे.

केशवसुतांच्या उपलब्ध कविता सुमारे 135 आहेत. वीस वर्षांत वाटून पाहिल्या तर वर्षाला जेमतेम सात पडतात, आणि एवढ्या संथ गतीनेही एका भाषेची कविता बदलू शकली. गणपतीपुळ्याच्या दर्शनाला येणाऱ्यांनी थोडे पुढे मालगुंडला जावे, आणि घरी परतल्यावर केशवसुतांचा संग्रह काढून कवितांखाली नोंदवलेल्या तारखा आणि गावांची नावे कवितांइतक्याच सावकाशीने वाचावीत.