पीळ आणि वेग

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीचे कांस्यपदक पटकावले आणि गिरगावातल्या आमच्या कट्ट्यावर वाद रंगला: नळीतल्या पिळामुळे गोळीचा वेग वाढतो का?

बँकेत हयात गेल्याने मी हिशेबच मांडला. पॉइंट टू-टू रायफलीत पीळ साधारण १६ इंचांत एक फेरा घेतो. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर; म्हणजे सेकंदाला आठशे गिरक्या! वेग येतो तो दारूच्या वायूच्या दाबातून. पीळ कमीजास्त केल्याने त्यात नगण्य फरक पडतो. पिळाने मिळते ती गिरकी. भोवऱ्यासारखी ती गोळीला तोल देते, कलंडू देत नाही.

दादर-परळच्या क्लासांमागे धावणाऱ्या नातवंडांना वेग आपण भरपूर देतो, तोलाचे काय?