खरखरीसह ऐकावयाचे गाणे

जुन्या तबकडीवर सुई टेकली की गायकाच्या आधी खरखर ऐकू येते. आजचा श्रोता तिला वैतागतो आणि यंत्राने धुऊनपुसून काढलेली आवृत्ती शोधू लागतो. वस्तुतः ती खरखर निव्वळ हयगयीचे फळ नव्हे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या म्हणून ओळखल्या जात. पण त्यांत लाखेपेक्षा दगडाची पूडच अधिक असे, आणि ती मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई आरंभीच्या फेऱ्यांतच झिजून खोबणीच्या आकाराची व्हावी आणि जड ध्वनिपेटीचा भार खोबणीने सोसावा, असा त्यामागचा हिशेब होता. तबकडी टिकावी म्हणून कानाने मोजलेली ती किंमत होती.

१९४८ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकेत व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी आणली. तिचा पृष्ठभाग पुष्कळच शांत होता. शांततेची सवय जडली आणि मग एखादी ‘टिक्’देखील खुपू लागली! उत्पन्नाबरोबर गरजा वाढतात, तशातलाच हा प्रकार.

खरखर गाळता येते, नाही असे नाही. परंतु तिचा बराचसा भाग उंच कंपनसंख्यांत असतो आणि १९२५ नंतर रूढ झालेल्या विद्युत ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी व शब्दांतील व्यंजनांची धारही तेथेच सापडते. गाळणी निर्दयपणे लावली की गायक जणू घोंगडीआडून गाऊ लागतो. अब्दुल करीमखाँ १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या पुन्हा मुद्रित होणे नाही. १९४६ साली निवर्तलेल्या अल्लादियाखाँचे गाणे तर तबकडीवर उतरलेच नाही. तेथे सोसावयाला खरखरही उरलेली नाही.

याचा अर्थ प्रत्येक दोष गोड मानून घ्यावा असा मात्र नव्हे. खरखर सुरांच्या शेजारी बसते, सुराला ढळवीत नाही. मधले छिद्र केंद्रापासून किंचित सरकलेले असेल, तर लाँग प्ले तबकडीवर दर १.८ सेकंदांनी षड्जच हेलकावे खातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे एक वेळ खपेल. अखंड षड्ज धरून चालणाऱ्या आपल्या गायनात ते असह्य होते. अशी तबकडी दुकानदाराला निःसंकोच परत करावी.

धूळ आणि बोथट सुई हे दोष तर आपलेच. पोलादी सुई दर बाजूला बदलावी, हा जुना दंडक होता. कित्येक घरांत मात्र पैसे वाचवण्यासाठी तीच सुई दिवसेंदिवस चाले. तार सप्तकात आवाज चढताच आज ज्या तबकड्या फाटल्यासारख्या वाजतात, त्यांतील बऱ्याचशा या काटकसरीने खाल्लेल्या आहेत.