पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली आणि शासकीय विकास कार्यक्रमांची भाषा

अहवाल, परिपत्रक, इतिवृत्त आणि नोंदवही हे व्यावहारिक मराठीतील लेखनप्रकार तुमच्या परिचयाचे आहेत. हे सर्व लेखनप्रकार ज्या एका व्यवस्थेत एकमेकांना जोडले जातात, त्या व्यवस्थेचा परिचय या लेखात करून घ्यावयाचा आहे. तिला ‘पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली’ असे म्हणतात. मराठी विषयाच्या विद्यार्थ्याने हा अभ्यास का करावा, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, ही प्रणाली यंत्रांनी बनलेली नसून बव्हंशी वाक्यांनी बनलेली असते. ती वाक्ये सैल असतील, तर प्रणाली कागदावर उरते आणि विहिरीचे पाणी खाली जाते.

प्रणाली म्हणजे काय

कारखाना, कार्यालय किंवा महापालिका आपल्या कामाचा हवा, पाणी, माती आणि जीवसृष्टी यांच्यावर कोणता परिणाम होतो हे स्वतः शोधते. तो कमी करण्याचे उद्दिष्ट ठरवते, त्याप्रमाणे वागते, वागलो की नाही हे तपासते आणि चुकले तेथे दुरुस्ती करून पुन्हा पहिल्या पायरीवर येते. नियोजन, अंमल, तपासणी आणि सुधारणा असे हे चक्र आहे. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९६ साली ‘आयएसओ १४००१’ हे मानक प्रसिद्ध करून या चक्राला नियमबद्ध रूप दिले. २००४ आणि २०१५ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

या मानकात किती प्रदूषण चालेल याचा एकही आकडा नाही, हे नीट लक्षात घ्या. आकडे कायद्याने ठरवायचे असतात. मानक केवळ एवढेच सांगते की, तुम्ही जे ठरवले ते कसे पार पाडाल आणि पार पडले हे कशावरून सिद्ध कराल ते लिहून ठेवा.

आणखी एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. ‘पर्यावरणीय आघात मूल्यांकन’ आणि ‘पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली’ या दोन संज्ञा वृत्तपत्रांतून सरमिसळ करून वापरल्या जातात. आघात मूल्यांकन प्रकल्पाला मंजुरी मिळण्यापूर्वी, एकदाच होते. आपल्या देशात ते मुख्यतः १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार होते. व्यवस्थापन प्रणालीचे काम मंजुरीनंतर सुरू होते आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत संपत नाही. लग्नापूर्वीची चौकशी आणि लग्नानंतरचा संसार यांत जे अंतर आहे, तेच या दोहोंत आहे असे म्हटले तरी चालेल.

कारखान्याचे कुंपण आणि कार्यक्रमाचे क्षेत्र

ही कल्पना मुळात कारखान्यांसाठी निघाली. युरोपीय समुदायाने १९९३ साली ‘एमास’ नावाची अशीच एक योजना सुरू केली, तीही प्रथम उद्योगांपुरतीच होती. २००१ साली तिचा विस्तार होऊन स्थानिक शासनसंस्थांसह सर्व संस्थांना ती खुली झाली. युरोपात मागास प्रदेशांना साहाय्य देणारा प्रादेशिक विकास निधी १९७५ पासून अस्तित्वात होता. त्या निधीतून रस्ते, औद्योगिक वसाहती, पर्यटनकेंद्रे उभी राहत होती. तेव्हा सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रादेशिक कार्यक्रमांनाही हे चक्र लागू करावे, हा विचार तेथे बळावला.

परंतु कारखान्याची चौकट कार्यक्रमाला जशीच्या तशी बसत नाही. कारखान्याला कुंपण असते. सांडपाणी कोणत्या नळातून बाहेर पडते हे दाखवता येते. विकास कार्यक्रमाचे तसे नाही. पैसा एक संस्था देते, दुसरी तो वाटते, तिसरी काम करून घेते आणि प्रत्यक्ष खोदकाम चौथ्याच कोणाच्या शेतात होते. निधी वाटणाऱ्या कार्यालयाने विजेची बचत केली, कागद दोन्ही बाजूंनी वापरला, तर ते चांगलेच आहे. पण त्या कार्यालयाचा पर्यावरणाशी येणारा खरा संबंध त्याच्या दिव्यांत नसून त्याने मंजूर केलेल्या प्रस्तावांत असतो. म्हणूनच ‘एमास’ योजनेत प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन प्रकार मानले आहेत. आपण स्वतः करतो त्याचा परिणाम पहिल्या प्रकारात येतो, तर आपल्या निर्णयामुळे इतर जे करतात त्याचा परिणाम दुसऱ्या प्रकारात येतो. सार्वजनिक कार्यक्रमात दुसऱ्याचेच पारडे जड असते.

शेततळ्याचे उदाहरण

हे सारे आपल्या परिसरात आणून पाहू. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. तीत तळ्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. मूळ कल्पना सरळ आहे: पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतातच अडवावे आणि पावसाने ताण दिला की ते पिकाला द्यावे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा तळ्यात, बाजूंचा उतार धरला तर, वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वेगळेच घडले. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर लावले गेले आणि पाणी जमिनीत मुरणे थांबले. मग तळे विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने भरून घेण्यात आले. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेले, सर्वांच्या वाट्याचे पाणी एका मालकाच्या उघड्या तळ्यात आले आणि उन्हाने त्यातील काही भाग उडून गेला. तसे करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण योग्य नाही. डाळिंबाची किंवा मोसंबीची बाग एका उन्हाळ्यात वाळली तर त्याची अनेक वर्षांची मेहनत जाते. वीज केव्हा येईल याची खात्री नसते. मग मिळेल तेव्हा पाणी उपसून साठवणे हाच त्याचा विमा ठरतो. मात्र त्या विम्याचा हप्ता शेजारच्या उथळ विहिरीवाला भरत असतो.

आता व्यवस्थापन प्रणालीच्या दृष्टीने पाहा. एकेक शेततळे इतके लहान असते की २००६ च्या अधिसूचनेतील आघात मूल्यांकन त्याला लागूच होत नाही. पण एका पाणलोटात अशी शेकडो तळी झाली की त्यांचा एकत्रित परिणाम मोठ्या प्रकल्पाइतका होऊ शकतो. पूर्वपरवानगीच्या चाळणीतून निसटणारे असे परिणाम पकडण्यासाठीच कार्यक्रमाच्या पातळीवर प्रणाली हवी असते. येथे शासकीय मराठीतील एका शब्दाने घोटाळा होतो. योजनेच्या तक्त्यात ‘उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’ असे दोन रकाने असतात आणि दोन्हींत तळ्यांची संख्या लिहिली जाते. पर्यावरण व्यवस्थापनात मात्र ‘उद्दिष्ट’ म्हणजे साधावयाचा बदल. पावसाळ्यानंतर भूजलाची पातळी खालावू नये, हे उद्दिष्ट होय; शंभर तळी खोदणे हे त्याचे साधन. तक्त्याने साधनालाच उद्दिष्ट म्हटले की शंभर टक्के ‘साध्य’ होऊनही गाव कोरडे राहू शकते, आणि तक्त्यात त्याचा मागमूसही दिसत नाही.

वाक्याचा कर्ता

शासकीय योजनांच्या कागदपत्रांत पुढील धाटणीचे वाक्य तुम्ही वाचले असेल: ‘शेततळ्यामुळे भूजलावर विपरीत परिणाम होणार नाही याची दक्षता घेण्यात यावी.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण दक्षता कोणी घ्यावयाची? ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता सांगण्याची सक्ती नसते. प्रशासकीय मराठीला ती प्रिय आहे ती याच सोयीमुळे. काही प्रसंगी ही सोय रास्तही असते. ‘कार्यालय सोमवारी बंद ठेवण्यात येईल’ या वाक्यात दार कोण लावणार हे महत्त्वाचे नाही. जबाबदारी नेमून देणाऱ्या वाक्यात मात्र हीच रचना घातक ठरते.

‘आयएसओ १४००१’ च्या २०१५ च्या आवृत्तीत प्रत्येक उद्दिष्टासाठी पाच गोष्टी ठरवाव्यात असे म्हटले आहे: काय करणार, कोणत्या साधनांनी करणार, कोण जबाबदार राहील, केव्हा पूर्ण होईल आणि निष्पत्ती कशी तपासणार. कारकविचार शिकलेल्या विद्यार्थ्याला यातील पहिले चार प्रश्न ओळखीचे वाटतील. कर्म, करण, कर्ता आणि कालवाचक अधिकरण यांचीच ही चौकशी आहे. पाचवा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि खरी प्रणाली तेथूनच सुरू होते.

वरील वाक्य या पाच प्रश्नांसमोर उभे करून मी नमुन्यादाखल पुन्हा लिहितो: ‘पावसाळा संपल्यावर, ३१ ऑक्टोबरपूर्वी, कृषी सहायक प्रत्येक अनुदानित तळ्याची पाहणी करील. तळ्यात पाणी कोठून आले आणि लगतच्या दोन विहिरींची पाणीपातळी किती आहे, हे तो शेतकऱ्याच्या समक्ष नोंदवहीत लिहील. तालुका कृषी अधिकारी या नोंदींचा गावनिहाय गोषवारा नोव्हेंबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवील.’ वाक्ये लांबली, कामही वाढले. पण आता एखाद्या विहिरीची पातळी उतरली, तर विचारणा कोणाकडे करायची हे गावकऱ्याला कळते. ‘दक्षता घेण्यात यावी’ या वाक्याला मात्र कोणताही प्रश्न विचारता येत नाही.

पारिभाषिक संज्ञांचा प्रश्न यापुढे दुय्यम वाटावा, तरी एक उदाहरण देतो. मूळ इंग्रजी मानकात कामाचा जो भाग पर्यावरणाशी संबंधित असतो त्याला एक शब्द आहे आणि त्यातून घडणाऱ्या बदलाला दुसरा. मराठीत पहिल्यासाठी ‘पैलू’ हा शब्द वापरला जातो. आपल्याकडे पैलू हिऱ्याला पाडतात किंवा व्यक्तिमत्त्वाला असतात. ‘शेततळ्याचे पर्यावरणीय पैलू’ असे वाचले की वाचकाला एखाद्या निबंधाचा मथळा आठवतो. गावातील वाचकासाठी ‘कारण’ आणि ‘परिणाम’ एवढे दोन शब्द पुरेत: पाणी उपसणे हे कारण, पातळी घटणे हा परिणाम.

ताळेबंद

चांगला शब्द लोकव्यवहारातून येतो, याचे उत्तम उदाहरण ‘पाण्याचा ताळेबंद’ हे होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. आदर्श गाव योजनेत समाविष्ट झाल्यावर तेथे शासकीय निधीतून पाणलोटाची कामे झाली. गावाने त्यापुढे आणखी एक गोष्ट केली. किती पाऊस पडला, किती पाणी उपलब्ध आहे, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखावे लागेल याचा हिशेब ग्रामसभेत मांडून उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची हे ठरवण्याची प्रथा पाडली. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णयही केला. नियोजन, अंमल, तपासणी, सुधारणा हे चक्र येथे प्रमाणपत्राशिवाय पूर्ण होते. जमाखर्चाची भाषा शेतकऱ्याच्या आणि दुकानदाराच्या ओळखीची असते. म्हणून ‘ताळेबंद’ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे मोठ्या कार्यक्रमानेही ही कल्पना उचलली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गावे निवडली गेली. बँकेच्या नियमांप्रमाणे या प्रकल्पासाठी पर्यावरण व सामाजिक व्यवस्थापनाचा आराखडा करण्यात आला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने विकसित झाली, आणि गावपातळीवरील सूक्ष्म नियोजन ग्राम कृषी संजीवनी समितीकडे आले. एका गावाच्या सवयीचे पाच हजार गावांच्या कार्यपद्धतीत रूपांतर करण्याचा हा प्रयत्न आहे. मला त्यातील अवघड भाग गणिताचा वाटत नाही. संगणकावर निघालेला ताळेबंद ग्रामसभेत कोण वाचतो, कोणत्या मराठीत वाचतो आणि त्यावर झालेली चर्चा इतिवृत्तात उतरते की ‘चर्चा करण्यात आली’ एवढेच उतरते, हा अवघड भाग आहे.

भाषेच्या या प्रश्नाची दखल न्यायालयानेही घेतलेली आहे. २०२० साली केंद्र शासनाने आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करावे असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. वाचताच न येणाऱ्या मजकुरावर हरकत नोंदवा असे सांगण्यात काय अर्थ आहे? भाषांतर ही मात्र पहिली पायरी आहे. मराठीत आणलेल्या मजकुरातही कर्ता हरवलेला असू शकतो.

स्वाध्याय

तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा तालुका कृषी कार्यालयात उपलब्ध असलेल्या एखाद्या पाणी, माती किंवा शेतीविषयक योजनेच्या मार्गदर्शक सूचना मिळवा. त्यांतील ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात येईल’, ‘ठेवण्यात यावी’ अशा शेवटाची दहा वाक्ये उतरवून घ्या. प्रत्येक वाक्याला वरील पाच प्रश्न विचारा आणि त्याच कागदपत्रात इतरत्र उत्तरे मिळतात का ते शोधा. मिळाल्यास त्यांच्या आधारे वाक्य पुन्हा लिहा. ज्या वाक्याचा कर्ता शोधूनही सापडणार नाही ते स्वतःच्या कल्पनेने पूर्ण करू नका. त्यापुढे प्रश्नचिन्ह लिहून ते अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.