आनंदीबाईंची मैत्रीण

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आमच्या वाचकभगिनींस नवीन नाहीं. अमेरिकेस जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या ह्या महाराष्ट्रीय स्त्रीचें चरित्र शाळेंतल्या मुलीही सांगूं शकतात. त्यांत पति गोपाळरावांचा हट्ट येतो, आनंदीबाईंची जिद्द येते, आणि अकालीं आलेला मृत्यूही येतो. तथापि ह्या सर्वांमधून आणखी एक व्यक्ति सारखी वावरत असते, व तिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ती म्हणजे अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांतल्या रोझेल गांवची एक गृहिणी, थिओडिशिया कार्पेंटर. आज आम्ही ह्या दोघींच्या स्नेहाविषयीं चार शब्द लिहिणार आहों. कारण आपल्या घरांतील स्त्रियांच्या एका मुक्या दुःखाशीं त्याचा निकट संबंध आहे, असें आम्हांस वाटतें.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचें; माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं लग्न होऊन नांव, घर व सोबत हीं तिन्ही एकदमच बदललीं. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस. त्यामुळें अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असें बिऱ्हाड हलत राहिलें. नव्या गांवीं शेजार नवा, कित्येकदां भाषाही नवी. त्यांतून पुस्तकें घेऊन शाळेस जाणारी ब्राह्मणाची सून! रस्त्यानें जातां येतां लोकांनीं केलेल्या कुचेष्टेचा उल्लेख पुढें श्रीरामपूर येथील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत त्यांनीं स्वतःच केला आहे. अशा मुलीस मैत्रीण कोठून मिळावी?

ती मिळाली सातासमुद्रांपलीकडे. १८८० सालीं कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां एक मासिक त्यांच्या हातीं पडलें. पत्नीच्या शिक्षणासाठीं धडपडणाऱ्या एका हिंदु गृहस्थाचा पत्रव्यवहार त्यांत छापला होता. त्या अनोळखी मुलीबद्दल त्यांच्या मनांत कळवळा उत्पन्न झाला, व त्यांनीं पत्र घातलें. पुढें तीन वर्षें ह्या दोघी एकमेकींस न पाहतां लिहीत राहिल्या. टपाल आगबोटीनें जाई. उत्तरास आठवड्यांमागून आठवडे लागत. तरीही आपले सण, पोषाख, चालीरीति आणि बालविवाहासारखे नाजूक विषय ह्या सर्वांची त्यांनीं मोकळेपणानें देवघेव केली. आनंदीबाईंची प्रकृति बिघडली तेव्हां बाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. आनंदीबाई त्यांस ‘मावशी’ म्हणूं लागल्या. आपल्या भाषेंत आईच्या खालोखाल मायेचा शब्द हाच. तो त्यांनीं परक्या देशांतल्या, परक्या धर्माच्या बाईस दिला, ह्यांतच सर्व कांहीं आलें.

ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई पतीला मागें ठेवून कलकत्त्याहून निघाल्या. ता. ४ जून रोजीं बोट न्यूयॉर्कला लागली, तेव्हां धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. कॉलेज सुरू होईपर्यंतचे दिवस त्यांच्याच घरीं गेले. पुढें फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी आली. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें पातळ नेसण्यास सुरुवात केली. शाकाहार मात्र सोडला नाहीं. तेथेंही मैत्रिणी मिळाल्या. ता. १० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र उपलब्ध आहे: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशच्या वेषांत. ता. ११ मार्च १८८६ रोजीं पदवीदान झालें, तेव्हां तो समारंभ पाहण्यास इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षीं आनंदीबाई परतल्या, आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानें पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा अमेरिकेस मावशींकडे पाठविण्यांत आली, व न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्यांनीं ती आपल्या माणसाप्रमाणें ठेवली.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुरुषांची शाळेंतली मैत्री साठीपर्यंत टिकते. संध्याकाळीं फिरावयास जातांना ‘कोठें चाललांत?’ असें त्यांस कोणी विचारीत नाहीं. स्त्रीची मैत्री मात्र बहुधा अक्षतांबरोबरच संपते. आपल्या पूर्वजांस ही उणीव जाणवली असावी. मंगळागौरीचें जागरण, भोंडला, चैत्रांतलें हळदीकुंकू ह्या निमित्तांनीं सुनेस उंबऱ्याबाहेर पडण्याची उजागरी मिळे. फुगडी व झिम्मा खेळतांना, आंब्याची डाळ व पन्हें घेतांना मनांतलें चार शब्द बोलतां येत. पूजा होती खरी, परंतु भेटही होतीच. आज स्त्री शिकली, मिळवूं लागली. तथापि कचेरी व स्वयंपाकघर ह्यांच्यामध्यें ती भेटच हरवली. मोबाइलवर दिवसभर येणारे शुभेच्छांचे संदेश तिची जागा भरून काढतील, असें आम्हांस वाटत नाहीं.

कोणी म्हणतील, आम्ही वर्षांतून एकदां सहकुटुंब सहलीस जातोंच कीं! जातों खरे, पण त्या सहलींत दशम्यांचा डबा, मुलांचे कपडे व सासऱ्यांच्या गोळ्या कोण सांभाळतें? जी घरीं सांभाळते, तीच. घर बरोबर घेऊन केलेला प्रवास तिला विसांवा देत नाहीं. मैत्रिणींबरोबर सिंहगडावर घालविलेली एक सकाळ, अथवा आळंदीस जाऊन इंद्रायणीच्या घाटावर निवांत बसणें, ह्यांची गोडी निराळी. तेथें ती कोणाची सून वा आई नसते, माहेरच्या नांवानें हांक मारली जाणारी मुलगी असते.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. महिन्यांतून एक दुपार घरांतील प्रत्येक स्त्रीची स्वतःची असावी. त्या दिवशीं संध्याकाळचा स्वयंपाक इतरांनीं, पुरुषांनींसुद्धां, करावा. आणि परत आल्यावर तिला जाब विचारूं नये. हा हक्क एकट्या सुनेचा नव्हे. सासूबाईंसही एके काळीं मैत्रीण होतीच. तिचें नांव काय, ती आतां कोठें असते, हें आज रात्रीं जेवणें उरकल्यावर त्यांस विचारून पाहा. आणि पत्ता मिळाल्यास त्यांस तिच्या घरीं नेऊन पोंचवा.