२०,२०० किलोमीटर आणि सात पावलं

मयूर विहार-१ मेट्रो स्थानकातून बाहेर आलेली एक अंध व्यक्ती हातातल्या फोनला सांगते, "पॉकेट चारला घेऊन चल." दोन-तीन सेकंदांत फोन बोलू लागतो : सरळ जा, पुढे डावीकडे वळा. दिल्लीत किंवा पुण्यात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. पण या दोन छोट्या वाक्यांमागे जी आकडेमोड होते, ती समजून घेतली तर छाती दडपून जाते.

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेग तासाला जवळपास १४,००० किलोमीटर. ११ तास ५८ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण. व्यवस्थेला किमान २४ उपग्रह लागतात, आणि प्रत्यक्षात तीसएक काम करत असतात. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बैदू आणि आपल्या इस्रोचा नाविक धरले तर आकाशात दिशा सांगणारे शंभराहून जास्त उपग्रह आहेत. ते कुणालाही शोधत नाहीत. "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत" एवढंच ते सतत सांगत राहतात. बाकीचा सगळा हिशेब हातातल्या फोनने करायचा.

तो हिशेब असा. थेट माथ्यावरच्या उपग्रहाची लहर प्रकाशाच्या वेगाने निघाली तरी मयूर विहारला पोचायला तिला सेकंदाचे ६७ हजारांश भाग लागतात. तेवढ्या वेळात उपग्रह स्वतः २६० मीटर पुढे सरकलेला असतो. इतकंच नाही, पृथ्वी फिरत असल्याने मयूर विहारही जागेवर थांबलेलं नसतं. दिल्लीच्या अक्षांशावर जमिनीचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे आहे. म्हणजे लहर वाटेत असतानाच फोन, तो धरणारा माणूस, मेट्रोचे खांब आणि अख्खी वस्ती पूर्वेकडे २७ मीटर गेलेली असते. फोन हे सगळं वजाबेरजेत धरतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या साध्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात संख्या सोडवायला त्याला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. हे गणित तो सेकंदाला किमान एकदा नव्याने मांडतो.

ऐकू यावे लागतात म्हणताना ते किती हळू बोलतात हेही पाहायला हवं. उपग्रह साधारण ५० वॉटच्या आसपासची ताकद वापरून लहर सोडतो. जमिनीवर पोचेपर्यंत ती इतकी पसरते, की फोनच्या अँटेनाला मिळते एका वॉटचा सुमारे १०,००,००,००,००,००,००,००० वा भाग. एकावर सोळा शून्यं! एका उपग्रहाकडून येणारी ही ऊर्जा साठवून ९ वॉटचा एलईडी दिवा फक्त एक सेकंद लावायचा म्हटलं, तर २०० कोटींहून जास्त वर्षं वाट पाहावी लागेल. हा आवाज भोवतालच्या विद्युत गोंगाटापेक्षाही मंद असतो. प्रत्येक उपग्रहाची १,०२३ चिन्हांची ठरलेली खूण सेकंदाला हजार वेळा येते. ती फोनला तोंडपाठ असते, म्हणूनच या गोंगाटातून तो नेमका उपग्रह वेगळा काढता येतो.

घड्याळाची शिस्त तर याहून कडक. एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, की अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहांत आण्विक घड्याळं असतात. त्यांच्यावर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम रोज होतो. तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ती दिवसाला ४५ दशलक्षांश सेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. उरतात ३८. ही दुरुस्ती केली नाही तर अंतराच्या हिशेबात दिवसाला ११ किलोमीटरची चूक साचेल, म्हणजे मयूर विहार ते कॅनॉट प्लेस या अंतराहून जास्त.

आणि या सगळ्यातून शेवटी निघतं काय? मोकळ्या आकाशाखाली साधा फोन माणसाची जागा सुमारे ५ मीटरच्या आत सांगतो. २०,२०० किलोमीटरांवर ५ मीटर, म्हणजे चाळीस लाखांत एक इतकी चूक.

अंध माणसाला याचा उपयोग होईल हे फार लवकर ओळखलं गेलं. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला आणि व्यवस्था पूर्ण झाली १९९५ मध्ये. पण १९८५ सालीच कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी अंधांसाठी उपग्रहांवर चालणाऱ्या वाटाड्याची कल्पना मांडली. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलाचे प्राध्यापक होते. १९८४ मध्ये त्यांची दृष्टी गेली होती. आयुष्यभर नकाशांचा अभ्यास केलेला माणूस आता नकाशा ऐकता कसा येईल, यावर काम करू लागला. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवरच्या पिशवीतून वाहून न्यावं लागे.

तेव्हा आणखी एक अडथळा होता. अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या लहरींत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरएक मीटरने हुकायची. मोटार चालवणाऱ्याला शंभर मीटर चालून जातात. पायी चालणाऱ्या अंध व्यक्तीला शंभर मीटर म्हणजे दुसरी गल्ली, दुसरा चौक. १ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक थांबवण्यात आली. एका रात्रीत अचूकता जवळपास दहापट वाढली आणि बोलणाऱ्या यंत्रांचा मार्ग मोकळा झाला. २००३ मध्ये कॅनडातून ट्रेकर नावाचं असं यंत्र आलं. मग फ्रान्सच्या कॅपसिस कंपनीने कॅप्टेन नावाचं खिशात मावणारं यंत्र काढलं. त्याला पडदाच नव्हता. जायचं ठिकाण तोंडाने सांगायचं आणि रस्ता कानाने ऐकायचा. २०१२ साली फिनलंडमध्ये ब्लाइंडस्क्वेअर हे ॲप तयार झालं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साउंडस्केप आणलं आणि २०२३ मध्ये त्याची सेवा थांबवताना त्याचा कोड सर्वांना खुला केला. गूगल मॅप्सने २०१९ मध्ये पायी चालणाऱ्या दृष्टिबाधितांसाठी सविस्तर आवाजी सूचना सुरू केल्या. सुरुवात अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत झाली.

आपल्याकडे ही गरज किती जणांची आहे? २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर गेली. त्यांत महाराष्ट्रातले सुमारे ५ लाख ७४ हजार आणि दिल्लीतले ३० हजारांच्या आसपास. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीने देशातल्या अंध व्यक्तींचा अंदाज ४८ लाख असा दिला. त्या पाहणीत तीन मीटरवरून बोटं मोजता न येणाऱ्याला अंध धरलं होतं. त्यापेक्षा थोडं जास्त, पण रस्त्यावरची पाटी वाचण्याइतकं न दिसणारे याहून कितीतरी अधिक आहेत.

त्यांनी फोनला पत्ता सांगायचा तर आपले पत्ते तरी कसे आहेत? १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत पंडित होते. सहा आकड्यांत त्यांनी सगळा देश बसवला आणि आज सुमारे १९ हजार पिन कोड वापरात आहेत. मयूर विहार फेज-१ चा ११००९१. पण एका पिन कोडात हजारो घरं येतात. पत्र त्यावर पोचतं, कारण पुढची वाट पोस्टमनला माहीत असते. फोनला ती माहीत नसते.

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने तो घडला. भारत आणि भोवतालचा समुद्र धरून ३६ अंश लांबीरुंदीचा एक चौकोन घेतला. त्याचे १६ भाग, प्रत्येकाचे पुन्हा १६, असं दहा वेळा. सोळाचा दहावा घात म्हणजे १,०९,९५१ कोटींहून जास्त चौकोन! प्रत्येक सुमारे चार मीटरचा, आणि प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचं स्वतंत्र नाव. म्हणजे देशातल्या प्रत्येक दाराला, प्रत्येक बसथांब्याला, जिन्याच्या प्रत्येक तोंडाला आता पत्ता आहे. अंध व्यक्तीसाठी याचं मोल मोठं आहे. तिला सोसायटीपर्यंत पोचून भागत नाही, सोसायटीचं फाटक सापडावं लागतं.

तरी हा पत्ता बोलायचा आहे, हे विसरून चालणार नाही. डिजिपिनमध्ये सी, पी आणि टी ही तिन्ही अक्षरं आहेत, आणि रहदारीच्या आवाजात ती सारखीच ऐकू येतात. ठिकाणांच्या नावांची अडचण वेगळी. दिल्ली मेट्रोवर नावात मयूर विहार असलेली तीन स्थानकं आहेत. फेजही तीन, आणि त्यांतही पॉकेटांचे आकडे आणि अक्षरं वेगळी. "फेज वन, पॉकेट चार" असं इंग्रजी-मराठी-हिंदी मिसळून बोलणं इथल्या माणसाला सहज जमतं, पण यंत्राला ते शिकवावं लागतं.

त्या शिकवणीचेही आकडे आहेत. फोनचा माइक माणसाचा आवाज सेकंदाला साधारण १६,००० वेळा मोजतो. तीन सेकंदांचं वाक्य म्हणजे ४८,००० संख्यांची माळ. त्यातून शब्द ओळखायला यंत्राला आधी अफाट बोलणं ऐकवावं लागतं. २०२२ मध्ये आलेल्या व्हिस्पर या प्रणालीला ६ लाख ८० हजार तासांचं बोलणं दिलं होतं. कुणी रात्रंदिवस ऐकत बसलं तर ७७ वर्षं पुरेल इतकं. त्यातलं बहुतांश इंग्रजी. उरलेल्या ९६ भाषांतलं, त्याच भाषेत लिहून घेतलेलं बोलणं सगळं मिळून १ लाख १७ हजार तास. मराठी ही २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. तिच्या वाट्याला यातला अगदी छोटा तुकडा आला.

आता पुन्हा त्या ५ मीटरांकडे वळू. चालताना आपलं एक पाऊल साधारण ७० सेंटीमीटरचं पडतं. म्हणजे उपग्रहाची चूक आहे सात पावलांची. डोळस माणसाच्या लेखी सात पावलं काहीच नाहीत. मान वर केली की फाटक दिसतं. अंध माणसासाठी मात्र सात पावलांत फूटपाथ संपून रस्ता सुरू होतो. उंच इमारतींमधून लहर भिंतीवर आपटून आली तर ती ३० मीटरही जास्त फिरू शकते, आणि घड्याळाच्या भाषेत ही चूक फक्त सेकंदाच्या शंभर अब्जांश भागांची असते. उंचीचा अंदाज तर याहून कच्चा, त्यामुळे माणूस उड्डाणपुलावर आहे की पुलाखाली, याची फोनला खात्री देता येत नाही. उघडं गटार, आडवी लावलेली स्कूटर, फूटपाथवर टाकलेली वाळू यांतलं काही उपग्रहाला दिसत नाही.

हे शोधायचं काम काठीचं. आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या चमूने घडवलेली स्मार्टकेन ही काठी २०१४ मध्ये आली. ती ध्वनिलहरी सोडून तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखते आणि मूठ थरथरवून सांगते. साधी पांढरी काठी गुडघ्याखालचं टिपते, ही गुडघ्याच्या वरचंही. मेट्रो स्थानकांत पायाला जाणवणारी पिवळी उठावदार पट्टी असते. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची. १९६७ च्या १८ मार्चला ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसली. आपल्या शहरांत ती बहुतेक वेळा स्थानकाच्या दाराशी संपते, आणि सात पावलांचा धोका नेमका तिथूनच सुरू होतो.

तो धोका किती मोठा आहे हे सरकारी आकडे सांगतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. दिवसाला सरासरी नव्वद. त्यांतले बहुतेक डोळस असणार. जिथे पाहून चालणाऱ्यांची ही गत, तिथे कानावर भिस्त ठेवून चालणाऱ्याचं धाडस किती मोठं, हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम रस्ते आणि वाहतूक हा हक्क ठरवला. राजीव रतूडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आदेश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगमतेचे निकष नुसती शिफारस न राहता बंधनकारक असायला हवेत, असं स्पष्ट केलं.

आकाशातल्या २०,२०० किलोमीटरांचा प्रश्न विज्ञानाने सोडवला. उरलेली सात पावलं महापालिकेची, सोसायटीची आणि आपली आहेत. त्यासाठी आण्विक घड्याळ लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही दुरुस्त करता येणारा नकाशा आहे आणि ब्लाइंडस्क्वेअरसारखी ॲप्स तो वापरतात. आपल्या सोसायटीचं फाटक, जवळचं रस्ता ओलांडायचं ठिकाण, फूटपाथचा उतार त्यावर नोंदवा. केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमातल्या भाषादान पानावर जाऊन थोडा वेळ मराठीत बोला, म्हणजे उद्याच्या यंत्राला आपली भाषा कळेल. फूटपाथवर गाडी लावू नका, पिवळ्या पट्टीवर सामान ठेवू नका. आणि वाटेत पांढरी काठी घेतलेलं कुणी थांबलेलं दिसलं, तर आधी विचारा, मग हात द्या.