पाच वाजल्यानंतरचा गणवेश

लेखमाला : फाटकाच्या आत-बाहेर (भाग ६)

जूनमधल्या पालक सभेत सूचनापत्रक हातात पडतं. त्यात शेवटाकडे बऱ्याच ठिकाणी एक कलम असतं : शाळेच्या गणवेशात बाजार, बागा, कॅफे, टॉकीज अशा ठिकाणी फिरताना आढळल्यास कारवाई केली जाईल. नखं, केस, डबा, गृहपाठ यांच्या रांगेत ते बसलेलं असतं, त्यामुळे पालक त्याच झटक्यात त्यावरही सही करून मोकळे होतात. पण नखं शाळेत तपासतात, डबाही शाळेतच उघडतो. हे कलम शाळा सुटल्यावर लागू होतं. काही शाळा नेमकं उलटं सांगतात : स्पर्धेला, कार्यक्रमाला, कुठंही जाल तर गणवेशातच जा. एकीला गणवेश बाहेर दिसायला नको असतो, दुसरीला तो दिसायलाच हवा असतो. दोघींचं गृहीत मात्र एकच. कापड आमच्या नावाचं, म्हणून त्यातलं लेकरूही चोवीस तास आमचं.

लातूर-नांदेडात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा होतो, कारण इथं मुलांचा दिवस शाळेच्या घंटेवर चालत नाही. तो एसटीच्या आणि ट्युशनच्या वेळेवर चालतो. रेणापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातली नववीतली मुलगी धरा. साडेसहाची गाडी पकडायची तर घरातून निघतानाच तिच्या अंगावर शाळेचा ड्रेस असतो. लातूरला उतरून ट्युशन एरियात आठचा क्लास, तिथून धावतपळत अकराची शाळा, पाचला शाळा सुटली की विज्ञानाचा दुसरा क्लास आणि मग सव्वासातची गाडी. दप्तरात वह्या-पुस्तकं, क्लासच्या नोट्स, डबा, बाटली. दुसरा ड्रेस ठेवायला जागा नाही, आणि ठेवलाच तर बदलायचा कुठं? बसस्थानकाच्या मुतारीत? डबा एक वाजता संपलेला असतो, म्हणून सहा वाजता ती मैत्रिणीबरोबर गाड्यावर समोसा खाते. कंपासपेटी घ्यायला गंजगोलाईत शिरते, तर तिथं सोळा रस्त्यांवरून येणारं माणूस कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. झाली ‘गणवेशात बाजारात फिरताना आढळली’.

लातुरातल्याच औसा रोडवरचा मुलगा सव्वापाचला व्हॅनमधून घरी पोचतो, टीशर्ट चढवतो आणि सहा वाजता त्याच गाड्यावर उभा असतो. त्याला कोण बघतं? नियम दोघांना सारखाच आहे, पण तो लागतो फक्त ज्याचं घर लांब आहे त्याला. मला या कलमाचा राग शिस्तीमुळे येत नाही, याच्यामुळे येतो.

त्यात कपड्यांचा हिशेब आहेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दोन गणवेश मिळतात. त्यासाठी धरलेली रक्कम दोन्ही मिळून ६०० रुपये. मागच्या भागात ‘एक राज्य एक गणवेश’चं रामायण पाहिलं : २०२४-२५ मध्ये सगळ्या राज्याचं कापड एकाच ठिकाणाहून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली आणि १५ ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी होती. ज्या घरात हे दोन जोड हेच वर्षातले धड कपडे असतात, तिथं मामाच्या लग्नालाही तेच घालतात. ‘बाहेर घालू नका’ हे त्या घराला सांगण्यात अर्थ नाही. ‘बाहेरही घाला’ म्हणाल, तर तो जोड दिवाळीआधीच विरतो आणि रोज धुवावाही लागतो. लातूरकरांना धुण्याचं निराळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत रेल्वे आली, तेव्हा या शहरात पांढरा शर्ट रोज पांढरा ठेवणं ही चैन होती.

आता मुख्याध्यापकांची बाजू, कारण ती पोकळ नाही. बसस्थानकावर दोन शाळांच्या पोरांची हाणामारी झाली, तर बघणारा माणूस पोरांची नावं विचारत नाही. शर्टाच्या खिशावरचा बिल्ला वाचतो आणि शाळेला फोन लावतो. पोलिसांच्या दामिनी पथकानं कॅफेतून मुलं उठवली, तर दुसऱ्या दिवशी बातमीत ‘शालेय गणवेशातील’ हे विशेषण असतंच. पालकांचंही म्हणणं ऐकावं. लेक गणवेशात असली की कंडक्टर ओळखतो, गाडीतली म्हातारी ‘कुणाची गं तू?’ म्हणून जवळ बसवून घेते. मानव विकासच्या निळ्या बसमध्ये आणि बारावीपर्यंत मुलींना मोफत असलेल्या एसटीच्या प्रवासात तो ड्रेस अर्धं ओळखपत्र असतो. मुदखेड, लोहा, कंधार भागातून नांदेडला येणाऱ्या मुलींच्या आयांना विचारा. निम्म्याजणी म्हणतील, ड्रेस अंगावर असलेलाच बरा. पण हा आईचा विचार आहे आणि ती तो रोज बदलूही शकते. शाळेनं त्याचा दंडनीय नियम केला की तो तिच्या हातून गेला.

शाळेला भीती कशाची असते? बहुतेक वेळा नावाची. इथं मला थोडं स्पष्ट बोलू द्या. निकाल लागला की लातुरात शिवाजी चौकापासून आणि नांदेडात भाग्यनगर-श्यामनगरपासून फ्लेक्स लागतात. त्यावर पोरांचे गणवेशातले फोटो असतात, गुणांसकट. दिवसरात्र भर चौकात, शाळेच्या वेळेबाहेर. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची प्रभातफेरी, एखादा मंत्री येणार म्हणून रस्त्याच्या कडेला उभी केलेली रांग, संस्थाचालकांचा वाढदिवस, सगळीकडे तोच ड्रेस. म्हणजे गणवेश रस्त्यावर दिसण्याला शाळेची हरकत नाही. फायद्याचा असेल तेव्हा दिसावा आणि समोशाच्या गाड्यावर दिसू नये, एवढंच. क्लासवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. त्यांचे टीशर्ट आणि बॅगा दिवसभर गावातून फिरत्या जाहिराती करतात आणि ते घालून कुठं जाऊ नये अशी सूचना त्यांच्या पत्रकात निघत नाही.

आणखी एक गंमत. अकरावी-बारावीत हा नियम कुणाला लागतो? जो खरोखर कॉलेजला जातो त्याला. ज्याचं नाव आडगावच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे, हजेरी ‘मॅनेज’ आहे आणि जो सकाळपासून ट्युशन एरियात रूम, मेस आणि टेस्ट सिरीजमध्ये असतो, त्याच्याकडे गणवेशच नाही. शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास घेऊ नयेत असं केंद्रानं जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. लिहिलं आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्लंडमध्ये याचं उत्तर सरळ आहे. तिथल्या २००६ च्या शिक्षण कायद्यानं शाळेला आवाराबाहेरच्या गैरवर्तनावरही कारवाईचा अधिकार दिला आणि सरकारी मार्गदर्शनात ‘शाळेत येता-जाता’ व ‘गणवेशात असताना’ हे प्रसंग नाव घेऊन सांगितले. तिथंही मुद्दा गैरवर्तनाचा आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका शाळेला अडवलं : मुलीनं सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेरून मोबाइलवर शिवी टाकली होती, शाळेनं तिला चिअरलीडरच्या संघातून काढलं होतं. न्यायालय आठ विरुद्ध एक अशा मतांनी मुलीच्या बाजूनं गेलं. शाळेबाहेर शाळेला अजिबात अधिकार नाही असं मात्र ते म्हणालं नाही. शाळेबाहेरचं सगळंच शाळेनं ताब्यात घेतलं तर मुलाला बोलायला जागाच उरणार नाही, असा त्याचा रोख होता.

आपल्याकडचं सगळ्यात जवळचं प्रकरण चेंबूरचं. आचार्य-मराठे महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घालणारा ड्रेस कोड काढला. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बिल्ल्यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वाद हिजाबाचा झाला, म्हणून निकालातली एक बाब वाचकांच्या नजरेतून निसटली. महाविद्यालयाच्या बाजूनं निकाल देतानाच उच्च न्यायालयानं नोंदवलं होतं की ड्रेस कोडचा आग्रह महाविद्यालयाच्या आवारापुरता आहे, एरवी विद्यार्थिनींच्या निवडीच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. संस्थेचा नियम टिकला तो फाटकापाशी थांबत होता म्हणून, असं मी ते वाचतो.

नांदेडकरांना फाटकाची ही किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सचखंड श्री हुजूर साहिबच्या या गावात शाळकरी शीख पोराच्या डोक्यावरचा पटका आणि हातातलं कडं शाळेच्या यादीत बसो न बसो, ते राहणारच; राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाचं स्पष्टीकरण तर थेट कृपाणाचा उल्लेख करतं. याच गावात बुरखा घालून फाटकापर्यंत येणाऱ्या आणि आत शिरताना तो घडी करून दप्तरात ठेवणाऱ्या मुलीही आहेत. त्यांचं बुवा कसं जमतं? जमतं, कारण रस्ता घराचा आणि आवार शाळेचं अशी न लिहिलेली वाटणी आहे. शाळेनं रस्त्यावरही आपला नियम नेला, तर ही वाटणी मोडेल आणि पहिली शाळा सुटेल ती त्या मुलीची.

फाटकाबाहेरच्या वागण्यावर हक्क सांगण्याची हौस मराठवाड्यात जुनी आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं. वर्गात नव्हे, तासाच्या वेळी नव्हे. निजाम सरकारनं मनाई केली, लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचलं, शेकडो विद्यार्थी काढले गेले. त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठानं घेतलं, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. समोशाची आणि स्वातंत्र्यलढ्याची बरोबरी करण्याचा माझा विचार नाही. प्राचार्यांची हद्द कुठं संपते, हा प्रश्न तेवढा सामाईक आहे.

या सगळ्यात मला खटकतं ते वेगळंच. ज्या ठिकाणी कायदा शाळेला खरोखर रस्त्यावर बोलावतो, तिथं ती जायला तयार नसते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. रिक्षात दहा-बारा लेकरं कोंबलेली, दप्तरं बाहेर लटकलेली दिसली की शाळा म्हणते, ती पालकांनी ठरवलेली खासगी रिक्षा आहे, आमचा संबंध नाही. म्हणजे पावणेअकराला रिक्षातलं लेकरू पालकांचं आणि सव्वापाचला गाड्यावरचं लेकरू शाळेचं? नववीतला पोरगा गणवेशात स्कूटी पळवतो, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीमालकाला धरतं : २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. शाळेचं नावही त्यात नाही. शाळेच्या वेळेबाहेर शिक्षकांनी काय करू नये हे मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये लिहिलेलं आहे : खासगी शिकवणी घेऊ नये. लातूर-नांदेडात हे कलम वाचून दाखवलं तर सभेत हसू येईल. मार्च २०२४ मध्ये सरकारनं शिक्षकांनाच जीन्स-टीशर्ट नको, शर्ट खोचलेला हवा असा पेहराव सांगितला, तेव्हा शिक्षक संघटना किती चिडल्या होत्या आठवतं ना? तो नियम तर फक्त शाळेतल्या वेळेचा होता.

माझं म्हणणं एवढंच : शाळा ज्या वेळेची आणि जागेची जबाबदारी घेते, तेवढीच तिची हद्द. सहल, सामना, प्रभातफेरी, शाळेची बस, इथं गणवेशाचा नियम जरूर लावा. मारामारी, छेडछाड, लहान पोरांना धमकावणं हे शाळेबाहेर घडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची धग वर्गात येत असेल, तर शाळेनं हात घालावा. पण ते कृत्याबद्दल, अंगावर काय होतं त्याबद्दल नव्हे. टीशर्ट घालून केलेली छेडछाड हलकी होत नाही. कॅफेत दिसलेल्या मुलीच्या घरी फोन करायचा, तर आधी तिच्याशी बोला. ‘गणवेशात सापडली’ या वाक्यानं मुलाला एक दिवस घरी बसवलं जातं आणि मुलीची शाळाच बंद होते, हे शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि हे ठरवायचं कुणी? २० डिसेंबर २०२४ च्या निर्णयानं गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. सातची गाडी किती वाजता येते, तोवर पोरगी कुठं थांबते आणि काय खाते, हे त्यांना माहीत असतं. त्यांना विचारलं तर त्या आधी बदलायला एक खोली मागतील, किंवा पाचनंतर शाळेचं वाचनालय तासभर उघडं ठेवा म्हणतील. पण समितीचे सदस्य-सचिव मुख्याध्यापकच असतात आणि बैठकीच्या रजिस्टरवर सही घ्यायला शिपाई अनेकदा घरीच येतो. यंदा तो आला, तर सहीआधी त्या पानावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

(पुढील भाग : मुलाचा मोबाइल आणि शाळेचं कपाट)